मॉडेल विमानाची पारदर्शक कॅनॉपी घरी कशी घडवायची

मॉडेल विमान हातात घेणारा माणूस पंख, शेपूट, रंगकाम नंतर बघतो. आधी कॉकपिटमध्ये डोकावतो. तिथली काच धुरकट असेल, कडेला सुरकुती असेल किंवा चिकटवताना पांढरी पडली असेल, तर बाकीच्या सगळ्या नेटक्या कामावर पाणी पडतं. तयार किटसोबत ही काच, म्हणजे कॅनॉपी, येते. पण आराखड्यावरून बाल्साचं किंवा फोमबोर्डचं विमान बांधणाऱ्याला, एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग करणाऱ्या कॅडेटला किंवा जुन्या मॉडेलची फुटलेली काच बदलू पाहणाऱ्याला ती स्वतःच घडवावी लागते.

काच आपण सवयीने म्हणतो, असतं ते प्लॅस्टिक. खऱ्या विमानांतही तेच आहे. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये पर्स्पेक्स या नावाने ॲक्रिलिकच्या शीट आल्या आणि गरम करून वाकवता-फुगवता येतील अशी पारदर्शक छतं बनू लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरवरचं दोन्ही बाजूंना फुगलेलं ‘माल्कम हूड’ त्यातलंच. आपणही घरी तेच करतो: शीट गरम करायची, मऊ आहे तोवर आकार द्यायचा आणि आकार धरून थंड होऊ द्यायची. यातलं गरम करणं तीन-चार मिनिटांचं आहे. कॅनॉपी स्वच्छ निघणार की नाही, हे त्याच्या आधी, ज्यावर शीटला आकार द्यायचा तो ठोकळा घासतानाच बहुतेक ठरलेलं असतं.

शीट गरम केल्यावर काय होतं

प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या, ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. थंड असताना त्या जागच्या हलत नाहीत, म्हणून शीट कडक राहते. एका ठरावीक तापमानानंतर त्या सैल होतात आणि शीट रबरासारखी ताणता येते. हे तापमान पीईटीजी या प्लॅस्टिकसाठी सुमारे ८० अंश सेल्सिअस, ॲक्रिलिकसाठी सुमारे १०५ आणि पॉलिकार्बोनेटसाठी सुमारे १४७ अंश असतं. प्रत्यक्ष आकार द्यायला याच्या बऱ्याच वर जावं लागतं: पीईटीजीची शीट १२० ते १६० अंशांच्या दरम्यान, ॲक्रिलिकची १५० ते १७०, पॉलिकार्बोनेटची १८०च्या पुढे.

ताणलेल्या अवस्थेत शीट थंड केली की साखळ्या ताणलेल्याच अडकून बसतात. तीच शीट पुन्हा गरम केली तर त्या मूळ जागी जायला बघतात आणि कॅनॉपी तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सपाट होते. यात आपला एक फायदा आहे. आकार बिघडला पण बुडबुडे आले नसतील, तर तीच शीट एक-दोनदा परत वापरता येते. अट एवढीच की तापवताना ती ज्या चौकटीत क्लिपांनी धरलेली असते, तिच्यातून काढायची नाही.

तोटाही याच गुणातून येतो. ओएचपी शीट, चकचकीत पारदर्शक कव्हर, भेटवस्तूंच्या खोक्यांची खिडकी यांतलं बरंचसं प्लॅस्टिक कारखान्यातच दोन्ही बाजूंनी ताणून थंड केलेलं पॉलिस्टर असतं. ते गरम केलं की मऊ पडून खाली झोळ येण्याऐवजी आक्रसतं आणि क्लिपांमधून निसटतं. काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून नवशिके नेमकं तेच उचलतात.

कोणती शीट घ्यायची

घरगुती कामाला पीईटीजीसारखी शीट नाही. कमी तापमानाला मऊ होते, सहसा आधी वाळवावी लागत नाही, कात्रीने कापली जाते आणि विमान आपटलं तर तडकण्याऐवजी दबते. साइनबोर्डवाल्यांना ॲक्रिलिक पुरवणाऱ्या दुकानांत किंवा ब्लिस्टर पॅकिंग बनवणाऱ्यांकडे ती मिळते. ब्लिस्टरवाल्यांकडे तिचं भावंड असलेली ए-पेट नावाची शीटही असते. तिला आकार छान येतो, मात्र फार वेळ गरम राहिली की तिच्यात स्फटिक बनून दुधाळ छटा येते, म्हणून हात चपळ हवा. कडक पीव्हीसीलाही आकार येतो, पण तापमान हाताबाहेर गेलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. स्वयंपाकघरात ते नकोच. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा शोषतं. १२० अंशांच्या आसपास तास-दीड तास वाळवल्याशिवाय तापवलं तर सोड्याच्या ग्लासासारखे बुडबुडे येतात. ॲक्रिलिक सर्वांत स्वच्छ आणि पॉलिश घेणारं, पण पातळ ॲक्रिलिक ठिसूळ असतं. उडणाऱ्या मॉडेलपेक्षा कपाटात ठेवायच्या मॉडेलला ते शोभतं.

दुकानदाराने दिलेल्या नावावर विसंबू नका, चाचणी करा. शीटचा ५० मिमी बाय ५० मिमी तुकडा कापा, बाजू मोजून ठेवा आणि १४० अंशांच्या भट्टीत जुन्या ताटलीवर तीन मिनिटं ठेवा. मऊ होऊन जवळजवळ तेवढाच राहिला तर शीट कामाची. एका किंवा दोन्ही बाजूंनी ठळक आक्रसला, गुंडाळी झाला, तर ती ताणलेली शीट आहे, बाजूला ठेवा. न तापवताही अंदाज घेता येतो. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर शीट धरून पोलराइज्ड गॉगलमधून बघा. ताणलेल्या शीटमध्ये इंद्रधनुष्यासारखे भडक रंग दिसतात, न ताणलेलीत फारसे नाहीत.

जाडी किती घ्यायची हे आकाराच्या खोलीवर ठरतं, आणि इथे थोडं गणित करावंच. समजा, कॅनॉपी १८० मिमी लांब, ६० मिमी रुंद आणि ४५ मिमी उंच आहे. कापण्यासाठी खाली १२ मिमी जास्तीची भिंत धरली. वरून बघताना ती जेवढी जागा व्यापते, त्याच्या अडीच पटींहून थोडं जास्त तिचं पृष्ठफळ भरतं. म्हणजे ०.७५ मिमीची शीट ताणून सरासरी ०.३ मिमीच्या आसपास उरते. त्यातही सगळीकडे सारखी नाही: ठोकळ्याला आधी टेकणारा माथा लगेच थंड होऊन जाड राहतो आणि सगळा ताण बाजूच्या भिंतींवर जातो. या मापाला ०.७५ मिमी पुरते, रोज उडवायचं विमान असेल तर १ मिमी बरी. हाताएवढ्या छोट्या मॉडेलला ०.५ मिमी. उंची रुंदीपेक्षा जास्त असेल, तर नुसतं दाबून घडवण्याचा नाद सोडून आकाराचे दोन भाग करावेत.

ठोकळा

ठोकळा म्हणजे कॅनॉपीचा भरीव नमुना. लाकूड बारीक रेषेचं आणि पूर्ण वाळलेलं हवं. शिवण कोरायला सोपं आणि घट्ट. पाइनमध्ये कडक-मऊ पट्टे एकाआड एक असल्याने घासताना मऊ भाग खोल जातो आणि त्या लाटा काचेवर उमटतात. एमडीएफ चालतो, त्याच्या कापलेल्या कडा मात्र भरून घ्याव्या लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा उष्णतेला चांगला, पण आत जराही ओल राहिली तर तिची वाफ शीटखाली फुगते. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकचा ठोकळा काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. भरीव छापला आणि पुट्टी लावून घासला तर एखादी कॅनॉपी निघते, पुढच्या वेळी त्याचं नाक बसलेलं असतं. आत प्लास्टर ओतून घेतल्यास जास्त टिकतो.

आराखड्यावरचा बाजूचा आणि वरचा आकार लाकडाच्या दोन बाजूंवर उतरवा, करवतीने कापा, मग पटाशी आणि कानशीने गोलाई द्या. आडवे छेद पुठ्ठ्यात कापून दर ३० मिमीवर लावून पाहा. नजर गोलाईत फसते, पुठ्ठा फसत नाही. ठोकळा खालच्या बाजूने १० ते १५ मिमी जास्त उंच ठेवायचा, कारण शीट तळाशी चौकटीकडे वळताना बाहेर पसरते आणि तो भाग शेवटी कापून टाकायचा असतो. कापायच्या रेषेवर सुरीच्या टोकाने अर्धा मिमी खोल खाच मारून ठेवा. ती कॅनॉपीवर उमटते आणि पुढे मोजमाप करायची गरजच उरत नाही. ही जास्तीची भिंत वरून खाली किंचित रुंदावत न्यावी, म्हणजे थंड झालेली कॅनॉपी अडकत नाही.

फ्युजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, घट्ट बसणारी कॅनॉपी हवी असेल, तर ठोकळा प्रत्येक बाजूने शीटच्या शेवटच्या जाडीइतका, वरच्या उदाहरणात ०.३ मिमीच्या आसपास, लहान करा.

माल्कम हूडसारखा तळापेक्षा मध्ये रुंद असलेला आकार ठोकळ्यावर अडकतो. अशा वेळी ठोकळा उभा तीन भागांत करतात: डावी-उजवी बाजू आणि मध्ये पाचर. आधी पाचर ओढून काढायची, मग बाजूचे भाग आत सरकवून सोडवायचे. मेसरश्मिट १०९सारख्या सपाट तावदानांच्या कॅनॉपीला मात्र ही पद्धत वापरूच नका. गरम करून दिलेला सपाट पृष्ठभाग जरा तरी लाटा घेतो. तिथे सपाट शीटचे तुकडे कापून सांगाड्यावर चिकटवलेले कितीतरी चांगले दिसतात.

आता घासणं. ठोकळ्यावर उजेडात न दिसणारा ओरखडासुद्धा मऊ शीट टिपून घेते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार, मग २२०, ४००, ६०० आणि शेवटी ८०० किंवा १०००. दर नंबरला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही. डोळ्यांपेक्षा बोट जास्त सांगतं: डोळे मिटून अंगठा पुढून मागे फिरवा, खळगा लगेच जाणवतो. खड्डे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला वापरतात त्या पॉलिस्टर पुट्टीने भरा. वर ऑइल पेंट किंवा लॅकर लावू नका. उष्णतेने तो मऊ होऊन शीटला चिकटतो आणि कॅनॉपी व ठोकळा दोन्ही वाया जातात. ठोकळा आरशासारखा चकचकीत करण्याचीही गरज नाही. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर शीट टेकली की मधली हवा निसटू शकत नाही आणि नाण्याएवढे डाग दिसतात. १०००च्या पेपरचा बारीक खरखरीतपणा हवेला वाट देतो आणि काचेवर दिसतही नाही.

दाबून घडवण्याची पद्धत

पहिल्या कामाला हीच पद्धत घ्या. ६ मिमी प्लायवुडचे सारख्या मापाचे दोन तुकडे लागतात. कापण्याआधी ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीच्या, आतली जागा मोजून घ्या. चौकट आत मावली नाही तर सगळं अडतं. दोन्ही प्लायमध्ये ठोकळ्याच्या तळाचा आकार काढून त्याच्याबाहेर ३ मिमी सोडून भोक कापा. ही फट महत्त्वाची. २ मिमीहून कमी असली तर शीट चिमटून फाटते, ५-६ मिमी झाली तर भिंत ठोकळ्याला लागतच नाही आणि तळाशी कॅनॉपी घागऱ्यासारखी पसरते. भोकाच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा.

शीट भोकापेक्षा चहूबाजूंनी ४० मिमी मोठी कापा. दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म अगदी शेवटच्या क्षणी काढा. ती राहिली तर वितळून बसते. फार आधी काढली तर शीट स्थिर विद्युतमुळे हवेतली धूळ ओढून घेते आणि कॅनॉपीत कायमची पुरते. साबणाच्या पाण्याने भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर कापड दोन्ही बाजूंनी फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. मग शीट दोन प्लायच्या मध्ये धरून आठ-दहा काळ्या बाइंडर क्लिपा सारख्या अंतरावर लावा. एका बाजूला क्लिपा कमी पडल्या की शीट तिथूनच सरकते.

ठोकळा ५० मिमी उंच लाकडावर स्क्रूने बसवून ते लाकूड टेबलावर पक्कं करा. चौकट ठोकळ्याच्या तळाच्या खालपर्यंत उतरली पाहिजे, त्यासाठी ही उंची. ठोकळा ५०-६० अंशांपर्यंत, म्हणजे हाताला चांगला गरम लागेल इतका, तापवून ठेवा. थंड लाकडाला शीट टेकली की तिथेच गोठते आणि टेकल्याची वर्तुळाकार खूण राहते. पंखा बंद करा.

ओटीजी १६० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. वरच्या कॉइलचा झोत थेट शीटवर पडत असेल तर मध्ये एक ट्रे ठेवा, नाहीतर मधोमध भाजते आणि कडा कच्च्या राहतात. चौकट मधल्या जाळीवर ठेवा आणि दारातून नजर हलवू नका.

शीट तीन अवस्थांतून जाते. आधी ती पत्र्यासारखी वाकडीतिकडी होते आणि लाटा येतात; इथे घाबरून बाहेर काढणारे खूप असतात. मग लाटा नाहीशा होऊन शीट तबल्याच्या पुडीसारखी ताठ आणि सपाट होते. त्यानंतर स्वतःच्या वजनाने मध्ये खाली झोळ यायला लागतो. वरच्या उदाहरणातल्या भोकासाठी साधारण ८ ते १० मिमी झोळ आला की वेळ झाली. ०.७५ मिमी पीईटीजीला दोन ते चार मिनिटं लागतात, पण प्रत्येक भट्टीचा काटा वेगळं बोलतो. घड्याळ नव्हे, झोळ बघायचा.

दोन्ही हातांत सुती किंवा चामड्याचे मोजे घालून चौकट काढा आणि पाच-सहा सेकंदांत ठोकळ्यावर आणा. एवढ्या पातळ शीटला यापेक्षा जास्त सवड नसते. चौकट ठोकळ्याशी समांतर धरून एका दमात, न थांबता, साधारण एका सेकंदात खाली दाबा. मध्ये थांबलात तर त्या जागी आडवी रेष पडते. वीस सेकंद धरून ठेवा. शीट हाताला कोमट लागली की चौकट सोडवा. पूर्ण गार होऊ दिली तर ती आक्रसून ठोकळा घट्ट आवळते.

पहिला प्रयत्न क्वचितच वापरण्याजोगा निघतो. म्हणून शीट घेतानाच चार तुकड्यांची घ्या.

व्हॅक्यूम क्लीनर जोडायचा असेल तर

कॅनॉपीला खोलगट कडा असतील, वरच्या पट्ट्यांचे उंचवटे उमटायला हवे असतील किंवा पुन्हा पुन्हा तोच आकार काढायचा असेल, तर व्हॅक्यूम फॉर्मिंग करा. प्लायवुडची चपटी, चारी बाजूंनी बंद पेटी बनवा. वरच्या फळीला दर १०-१२ मिमीवर दीड ते दोन मिमी भोकं आणि बाजूला व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपाचं तोंड. वरच्या कडेवर दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवा, चौकट तिच्यावर बसली की हवा बंद होते. ठोकळा फळीवर थेट न ठेवता खाली ३ मिमीचे वॉशर ठेवा. शीट त्याच्या खालून आत ओढली जाते आणि तळाची रेष धारदार येते.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वातावरणाच्या दाबाच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा दाब कमी करतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, पण २४ सेंमी बाय १६ सेंमीच्या चौकटीवर ते ५५ ते ६० किलोंचं वजन होतं आणि तेही सगळीकडून सारखं. शीट पुरेशी मऊ असेल तर भरपूर आहे. यंत्र वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. बहुतेक यंत्रांची मोटर ओढलेल्या हवेनेच गार होते आणि इथे हवेची वाट आपण बंद केलेली असते.

या पद्धतीत हमखास येणारा दोष म्हणजे ठोकळ्याच्या कोपऱ्यापासून चौकटीकडे जाणारी उभी घडी. चौकट ठोकळ्यापेक्षा फार मोठी असली किंवा शीट जास्त तापून झोळ खूप आला, की जादा शीटला जायला जागा उरत नाही आणि ती स्वतःवरच दुमडते. ठोकळ्याभोवती २५-३० मिमीच जागा ठेवा आणि झोळ कमी असताना उतरवा. एवढ्यानेही घडी राहिली तर ती जिथे येते तिथे ठोकळ्यापासून १५ मिमीवर लाकडाचा छोटा तुकडा ठेवा. जादा शीट त्या तुकड्यावर ताणली जाते.

बाटलीची पद्धत

आधी ताणलेल्या प्लॅस्टिकला नावं ठेवली, पण इथे त्याचा आक्रसण्याचा गुणच कामाला येतो. शीतपेयाची दोन लिटरची बाटली साच्यात फुगवून, ताणून बनवलेली असते. आत ठोकळा ठेवून हीट गनने तापवली की ती ठोकळ्याला आवळून घेते. बाटलीचा मधला भाग सरळ आणि कड्यांशिवाय हवा. पाण्याच्या बऱ्याच बाटल्या कडी असलेल्या असतात, त्या नकोत. बूड कापा, ठोकळा आत सरकवा आणि खालून लाकडी पाचर ठोकून मधली जागा भरा. फट जितकी कमी, आकार तितका नेमका. हीट गन कमी आकड्यावर, १० सेंमी अंतरावर, सतत फिरती ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जायचं, नाहीतर मध्ये हवा कोंडते. एका जागी झोत थांबला की बाटलीचं पेट प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि ते परत स्वच्छ होत नाही. मिळणारी काच पाव ते एक-तृतीयांश मिमी जाडीची, म्हणजे हलक्या मॉडेलला उत्तम. शेवटी पाचर आधी काढा, ठोकळा आपोआप सैल होतो.

बिघडलेली कॅनॉपी काय सांगते

खालच्या भागात शीट ठोकळ्याला लागलीच नसेल किंवा ताणलेल्या ठिकाणी पांढुरकी छटा असेल, तर शीट कच्ची होती. पुढच्या वेळी झोळ २-३ मिमी जास्त येऊ द्या. भिंत कागदासारखी पातळ झाली, लाकडाची रेष न् रेष उमटली, तर जास्त तापली होती. भट्टी १० अंशांनी उतरवा. बारीक बुडबुडे सगळीकडे असतील तर ओलावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उघडी पडलेली पीईटीजीसुद्धा हे दाखवते. ६० अंशांवर तीन-चार तास ठेवली की सुधारते. बुडबुडे एकाच ठिकाणी असतील तर मात्र ओलावा नव्हे, तिथे कॉइलचा थेट झोत लागतोय. एकच बाजू पातळ असेल तर चौकट तिरकी उतरली. टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे म्हणजे ठोकळ्यावरची धूळ.

उमटलेले ओरखडे पॉलिश करून घालवायचा मोह होतो. ॲक्रिलिकवर रबिंग कंपाउंड चालतं, पीईटीजी मऊ असल्याने घासताना मळते आणि धुरकटपणा वाढतो. अशी कॅनॉपी टाकून ठोकळा दुरुस्त करणं कमी वेळाचं काम आहे.

कापणं, चिकटवणं, रंगवणं

कॅनॉपी ठोकळ्यावर असतानाच उमटलेल्या खाचेतून नवी धारदार ब्लेड तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा. एकाच दाबात कापायला गेलं की ब्लेड घसरून मधल्या काचेवर चर पडते. नखांच्या वाकड्या कात्रीनेही कड छान निघते. रोटरी टूल वापरायचं तर सगळ्यात कमी वेगावर, एरवी कड वितळून गोळे होतात. शेवटी सपाट फळीवर ३२० नंबरचा पेपर चिकटवून त्यावर कॅनॉपी घासा म्हणजे तळ एका पातळीत येतो.

चिकटवायला फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट डिंक वापरू नका. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी जुळून काचेच्या आतून पांढरा थर धरते, आणि तो निघत नाही. मोबाइल दुरुस्तीवाले स्क्रीन बसवायला वापरतात तो बी-७००० डिंक पारदर्शक आणि लवचीक राहतो, पीईटीजीला चांगला धरतो. चिकटणारी २-३ मिमी कड आधी आतून ४००च्या पेपरने खरखरीत करा, बाकी काचेला मास्किंग टेप लावा आणि रात्रभर कागदी टेपने बांधून ठेवा. बॅटरी बदलायला कॅनॉपी उघडावी लागत असेल तर तिला पातळ प्लायची चौकट लावून त्यात ५ मिमी बाय २ मिमीचे चार निओडायमियम चुंबक बसवा. ध्रुव जुळतात का हे डिंक लावण्याआधी तपासा.

चौकटीच्या पट्ट्या हाताने रंगवण्यापेक्षा स्वतंत्र व्हिनाइल रंगवून त्याच्या बारीक पट्ट्या कापून लावल्या तर कड सरळ येते. काचेवर थेट रंगवायचं असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या. एनसी थिनर आणि ॲसिटोन पीईटीजी व पॉलिकार्बोनेट दोन्हींना धुरकट करतात, कधी बारीक तडेही पाडतात.

कॉकपिटच्या आतलं रंगकाम कॅनॉपी लावण्याआधी दोन-तीन दिवस उघडं वाळू द्या, नाहीतर सॉल्व्हंटची वाफ आतून काचेवर बसते आणि तिथे पुसायला बोट पोहोचत नाही. पायलटच्या पाठीमागे फ्युजलाजमध्ये ४-५ मिमीचं एक भोक ठेवा. पावसाळ्यात आत दव धरणार नाही. उन्हाळ्यात मात्र हे भोकही पुरत नाही: बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या विमानाची कॅनॉपी मऊ पडायला लागते आणि ताणलेल्या बाजू आत ओढल्या जाऊन पुन्हा सपाट व्हायला निघतात, म्हणून मैदानावर नेताना विमानावर पांढरं कापड टाकावं आणि गाडीत ठेवायची वेळ आली तर कॅनॉपी काढून सावलीत ठेवावी.